बागेभोवतीच्या कष्टकरी वस्तीत राहायला जाताना

शहरात नवा आलेला माणूस घर शोधताना आधी भाडं बघतो, मग स्टेशन किंवा बसथांबा, मग खोल्यांचा आकार. बागेचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो, आणि तोही जाहिरातीत ‘समोर उद्यान’ असं वाचण्यापुरता. कष्टकऱ्यांच्या मिश्र वस्तीत जायचं असेल तर हा क्रम उलटा करा. आधी बाग बघा, मग घर.

कारण साधं आहे. अशा वस्तीत घरं लहान, एका खोलीत तीन-चार माणसं, भिंती पातळ. घरात जे मावत नाही ते सगळं बागेत येतं. मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्यांचे पत्ते, गावाकडचे लांबलचक फोन, नवरा-बायकोची भांडणं, वाढदिवस, कामगारांच्या बैठका, रात्रपाळीहून आलेल्याची झोप. तुम्ही किल्ली घेता तेव्हा त्या बागेतला जवळपास प्रत्येक तास आणि प्रत्येक बाक कुणाच्या तरी नावावर आधीच लागलेला असतो. तसं कुठं लिहिलेलं नसतं, आणि नव्या माणसाचे बरेचसे खटके नेमके त्यामुळेच उडतात. हे न लिहिलेलं वेळापत्रक वाचता यावं, एवढ्यासाठी हा लेख.

घर ठरवण्याआधी: बाग चार वेळा बघा

दलाल तुम्हाला घर दाखवतो ती वेळ त्याच्या सोयीची असते, बहुधा उजेडातली आणि शांततेची. ती बघणी धरूच नका. स्वतः जा: कामाच्या दिवशी सकाळी लवकर, भर दुपारी, संध्याकाळी दिवे लागल्यावर, आणि सुट्टीच्या दिवशी कुठल्याही वेळी. जमलं तर रात्री उशिरा एकदा बाहेरच्या रस्त्यानं चक्कर मारा. प्रत्येक वेळी अर्धा तास बसा. मोबाइल खिशात.

काय बघायचं? आधी माणसं. एकाच वेळी किती वयोगट दिसतात? बायका एकट्या बसलेल्या दिसतात का, की फक्त घाईनं ओलांडून जाताना? म्हातारी माणसं अंधार पडल्यावरही थांबतात का? मला विचाराल तर बागेची तब्येत ओळखायला याहून भरवशाची खूण नाही. जिथं साठी ओलांडलेली बाई संध्याकाळी सातनंतर निवांत बसलेली असते, तिथं नव्या माणसानं फार घाबरायचं कारण नसतं.

मग वस्तू बघा. पिण्याचा नळ चालू आहे का, स्वच्छतागृहाला कुलूप आहे का, किती दिवे बंद आहेत, कचराकुंडी भरून वाहते आहे का. गवतात माणसांच्या पायांनी पडलेल्या वाटा कुठून कुठं जातात तेही बघा. नकाशावरचे रस्ते आखणाऱ्याला काय हवं होतं ते सांगतात. लोक खरोखर कुठून येतात-जातात ते या पायवाटांवरून कळतं. एखादी पायवाट कुंपणाच्या तुटक्या गजापाशी संपत असेल तर त्या बाजूला फाटक हवं होतं आणि ते कुणी दिलं नाही, असं समजा.

आणि बागेबाहेर काय आहे ते बघा. अमेरिकी लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ साली फिलाडेल्फियातल्या चार बागांची तुलना मांडली होती. चारही १६८२ च्या मूळ नगररचनेतल्या, आकारानं साधारण सारख्या. तरी रिटनहाउस स्क्वेअर सकाळपासून रात्रीपर्यंत भरलेला असे, तर वॉशिंग्टन स्क्वेअरला माणसांचा टिकाव लागत नसे. फरक झाडांमध्ये किंवा बाकांमध्ये नव्हता. वॉशिंग्टनभोवती जवळपास नुसत्या कचेऱ्या होत्या, सगळे एकाच वेळी येणारे आणि एकाच वेळी जाणारे. रिटनहाउसभोवती घरं, दुकानं, खाणावळी, शाळा, कचेऱ्या असं सगळं मिसळलेलं होतं, म्हणून दर तासाला वेगळ्या कामाची माणसं आत येत. लोगन स्क्वेअर ही त्या चारांपैकी आणखी एक बाग. भोवतीच्या वाहतुकीनं तिचं बेट झालं होतं. तेव्हा बागेला एक फेरी बाहेरून घाला. दुकानं किती वाजता उघडतात, किती वाजता बंद होतात, वर माणसं राहतात का, खिडक्या बागेकडे उघडतात का. भोवती एका बाजूला गोदाम, दुसऱ्या बाजूला भिंत आणि तिसऱ्या बाजूला महामार्ग असेल तर आत कितीही फुलं लावली तरी संध्याकाळी ती ओसच पडणार.

कोणत्या बाजूचं घर घ्यायचं

बागेसमोरचं घर सगळ्यांना हवं असतं. मी सहसा तो सल्ला देत नाही. समोरचं घर म्हणजे सुट्टीच्या दिवशी लाउडस्पीकर, रात्री मैदानावरच्या मोठ्या दिव्यांचा झोत बेडरूममध्ये, पहाटे कचऱ्याची गाडी, आणि वर जादा भाडं. दोन गल्ल्या मागं घर घ्या. बाग चालत पाच मिनिटांवर राहते आणि झोपही मिळते.

हे पाच मिनिटांचं अंतर उगाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयानं घरापासून सुमारे ३०० मीटरच्या आत किमान अर्धा ते एक हेक्टर हिरवी जागा असावी, असा दंडक सुचवला आहे. नागरी वनतज्ज्ञ सेसिल कोनिनेंडाइक यांनी २०२१ मध्ये त्याला आणखी दोन आकड्यांची जोड दिली: प्रत्येक घरातून ३ मोठी झाडं दिसावीत, वस्तीवर ३० टक्के झाडांची सावली असावी, आणि बाग ३०० मीटरच्या आत असावी. घर बघताना हे तीन आकडे डोक्यात ठेवायला सोपे आहेत. पण ३०० मीटर पायांनी मोजा, नकाशावर नको. मध्ये सिग्नल नसलेला चौपदरी रस्ता असेल, किंवा बागेचं फाटक पलीकडच्या बाजूला असेल, तर खिडकीतून दिसणारी बागही लहान मुलांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी लांबच.

उन्हाळ्याचा विचार आत्ताच करा. कष्टकरी वस्त्यांतली घरं बहुधा वरच्या मजल्यावर तापतात, आणि सगळ्याच घरांत वातानुकूलन परवडत नाही. दाट झाडांची बाग भोवतीच्या काही गल्ल्यांपर्यंत गारवा देते. नुसतं गवत आणि फरशी असलेली बाग तो देत नाही. सावली झाडांची हवी, आणि ती दुपारी तीन वाजता कुठं पडते ते बघायला हवं.

भाडं, कागद आणि बागेच्या फाटकावरची पाटी

करार लेखी घ्या, अनामत रकमेची पावती घ्या, आत जाण्याआधी प्रत्येक भिंतीचा, नळाचा आणि खिडकीचा तारखेसह फोटो काढा. हे कुठल्याही घराला लागू आहे, म्हणून इथं जास्त बोलत नाही. ओल तेवढी नीट तपासा. नव्या रंगाचा वास येत असेल तर मुद्दाम तपासा. शेजाऱ्याला दोनच प्रश्न विचारा: आधीचा भाडेकरू का गेला, आणि दुरुस्तीसाठी निरोप दिल्यावर घरमालक किती दिवसांनी येतो. दलाल या दोन्ही प्रश्नांची खरी उत्तरं क्वचितच देतो.

बागेमुळे येणारा प्रश्न वेगळा आहे आणि तो नवख्यांना माहीत नसतो. बाग सुधारली की भाडं वाढतं. ही आजची गोष्ट नाही. इंग्लंडमधलं बर्कनहेड पार्क १८४७ मध्ये सार्वजनिक पैशातून उभं राहिलं, आणि तो खर्च भरून काढायचा मार्ग ठरला होता भोवतीचे भूखंड विकण्याचा. म्हणजे सार्वजनिक बागेच्या कल्पनेतच शेजारच्या जमिनीचा भाव गृहीत धरलेला होता. अलीकडचं उदाहरण शिकागोचं. तिथं मालगाडीच्या जुन्या उंच रुळमार्गावर सुमारे ४.३ किलोमीटरची चालण्या-सायकलींची हिरवी वाट २०१५ मध्ये खुली झाली. तिच्या पश्चिमेकडच्या टप्प्यात हम्बोल्ट पार्क लागतं, पोर्तो रिकन कुटुंबांची जुनी वस्ती, मधोमध त्याच नावाची मोठी बाग. तिथले भाव भराभर चढले आणि भाडेकरूंच्या दुमजली-तिमजली इमारती पाडून एकेका कुटुंबाची महागडी घरं उभी राहायला लागली. शेवटी २०२१ मध्ये अशा पाडकामांवर जादा शुल्क लावण्याची वेळ शहरावर आली.

म्हणून घर ठरवण्याआधी बागेच्या फाटकावरची पाटी वाचा. नूतनीकरणाची, नव्या मेट्रो स्थानकाची, ‘सुशोभीकरणाची’ नोटीस दिसली तर दोन गोष्टी करा. करार शक्य तितक्या लांब मुदतीचा मागा आणि दरवर्षीची वाढ आकड्यात लिहून घ्या. आणि हेही मनाशी धरून ठेवा की जास्त भाडं देऊ शकणारा नवा भाडेकरू, म्हणजे कदाचित तुम्हीच, त्या वाढीचा एक भाग असतो. घरमालकानं सांगितलेला आकडा घासाघीस न करता मान्य केलात तर तो आकडा पुढच्या महिन्यात तुमच्या शेजाऱ्याच्या दारात जातो. घासाघीस करा. त्यात लाज नाही, उलट शेजाऱ्यांवर उपकार आहेत.

पहिले काही आठवडे: वेळापत्रक शिका

राहायला आल्यावर लगेच मतं बनवू नका. सकाळी दहा वाजता बाकावर पाय पसरून झोपलेला माणूस दिसला की नव्या माणसाच्या मनात दारू येते. अशा वस्तीत तो रात्रपाळीचा पहारेकरी असण्याची शक्यता जास्त. घरात मुलं जागी आहेत, म्हणून तो इथं दोन तास झोप काढतोय. दुपारी घोळक्यानं दुचाकीला टेकून उभे असलेले तरुण दोन ऑर्डरींच्या मधला वेळ काढत असतात; त्यांना दुसरीकडं बसायला जागाच नाही. संध्याकाळी फोनवर मोठमोठ्यानं बोलणारी बाई भांडत नसेल. लांबच्या देशातल्या आईला ऐकू जावं म्हणून आवाज चढलेला असेल.

सुट्टीच्या दिवशी चेहरे बदलतात. हाँगकाँगमध्ये रविवारी व्हिक्टोरिया पार्क इंडोनेशियातून आलेल्या घरकामगार बायकांनी भरून जातं. त्या मालकाच्याच घरात राहतात, आठवड्यातून एक दिवस सुटी, आणि स्वतःचं म्हणावं असं छप्पर शहरात कुठंच नाही. चटया टाकून त्या दिवसभर बसतात, जेवतात, केस विंचरतात, पैसे पाठवण्याच्या रांगेतल्या मैत्रिणीची वाट बघतात. त्या दिवशी ‘बागेत फार गर्दी असते बुवा’ असं म्हणणाऱ्या माणसाकडं घरी बैठकीची खोली असते, एवढं लक्षात घ्या.

एखादी वही करा, नाहीतर मनातच ठेवा: कोणता बाक कोणाचा, पत्त्यांचं टेबल किती वाजता सुरू होतं, मैदान मोठ्या मुलांच्या ताब्यात कधी जातं, कुत्रे कोणत्या कोपऱ्यात मोकळे सुटतात. पंधरा-वीस दिवसांत चित्र स्पष्ट होतं. मग तुमची वेळ निवडा आणि ती पाळा. रोज त्याच वेळी, त्याच बाजूला दिसणारा माणूस चौथ्या-पाचव्या दिवशी मान हलवून ओळख देण्याइतका आपला होतो. वेळ बदलत राहणारा माणूस वर्षभर पाहुणाच राहतो.

बोलायला सुरुवात कशी करायची

‘तुम्ही मूळचे कुठले?’ या प्रश्नानं सुरुवात करू नका. विचारणाऱ्याच्या मनात कुतूहल असतं, पण ऐकणाऱ्यानं तो प्रश्न याआधी पोलिसाकडून, घरमालकाकडून आणि कचेरीतल्या कारकुनाकडून ऐकलेला असतो. पगार, कागदपत्रं, धर्म हेही नको. समोर जे आहे त्यावर बोला: नळाला पाणी का नाही, कुत्र्याचं नाव काय, हा दिवा किती दिवस बंद आहे, चेंडू कुठं गेला. तक्रारीच्या विषयावर माणसं लवकर जवळ येतात, हा माझा अनुभव आहे, आणि नळ-दिवा यांच्यावर तक्रार केल्यानं कुणी दुखावत नाही.

वस्तीत बोलल्या जाणाऱ्या दोन-तीन भाषांतला नमस्कार, धन्यवाद आणि ‘इथं कुणी बसलंय का?’ एवढं शिकून घ्या. शेवटचं वाक्य सगळ्यात उपयोगी. रिकामा बाकही विचारून घेतलेला बरा, कारण बहुतेकदा तो रिकामा नसतो. त्याचा माणूस पाणी प्यायला गेलेला असतो.

फोटो काढू नका. रंगीबेरंगी, जिवंत, वगैरे सगळं खरं आहे, तरी नको. कुणाची तरी मुलं, कुणाचा तरी कामचुकारीचा तास, कुणाचं तरी घरापासून लपवलेलं प्रेम त्या चौकटीत असतं.

पहारेकरी आणि माळी यांच्याशी ओळख करून घ्या. बाग कुणाच्या अखत्यारीत आहे, कुलूप कधी लागतं, कोणता नळ खरोखर चालतो, कुणाचा राग कुणावर आहे, हे सगळं त्यांना माहीत असतं. वस्तीतल्या कुठल्याही समितीपेक्षा मी त्यांच्या माहितीवर जास्त भरवसा ठेवीन. तसाच बागेच्या कोपऱ्यावरचा दुकानदार. रोजची लहानसहान खरेदी त्याच्याकडं करा. लांबच्या मोठ्या दुकानात चार पैसे वाचतील, पण रात्री किल्ली हरवल्यावर ते दुकान कामाला येत नाही.

मैदान, मुलं आणि मुली

मोकळ्या मैदानाचे दोन कायदे असतात. एक फलकावरचा: परवाना, वेळ, शुल्क. दुसरा रांगेचा: जिंकलेला संघ मैदानात राहतो, हरलेला बाहेर, पुढचा कोण ते बाहेर बसलेल्यांनी आधीच ठरवलेलं. नव्यानं आलात तर दुसरा कायदा आधी शिका. कडेला बसा, ‘पुढचा कोण?’ विचारा, नंबर लावा. परवान्याचा कागद नाचवून मुलांना हुसकावणारा माणूस त्या दिवशी खेळतो खरा. पुढं त्याच्याशी कुणी खेळत नाही.

मुलं असतील तर तुमचं काम निम्मं सोपं होतं. अशा वस्तीत एक मोठं माणूस दहा मुलांवर नजर ठेवतं आणि दुसऱ्याच्या मुलालाही रागावतं. तुमच्या मुलाला अनोळखी बाईनं झोपाळ्यावरून खाली उतरवलं तर पहिल्यांदा राग येईल. जरा थांबा. तीच बाई पुढच्या महिन्यात तुमचं मूल फाटकाबाहेर धावत सुटलं तर त्याला धरणार आहे. बदल्यात तुम्हीही तसंच लक्ष ठेवायचं असतं, ही अपेक्षा कुणी बोलून दाखवत नाही.

मुलींकडं मात्र वेगळं बघायला हवं. व्हिएन्ना शहरानं १९९० च्या दशकात आपल्या बागांचं निरीक्षण केलं, तेव्हा साधारण नऊ वर्षांनंतर मुली बागेतून झपाट्यानं कमी होतात असं दिसलं. मुलगे तसेच राहतात. मधलं एकच मोठं मैदान ताकदवान मुलांच्या ताब्यात जातं आणि मुली भांडण्याऐवजी घरी जातात. मग १९९९ मध्ये मार्गारेटन या दाट वस्तीच्या भागातल्या आइन्सिडलरपार्कमध्ये बदल करून पाहिले: मोठ्या जागेचे लहान भाग, वाटा उजेडात आणि लांबून दिसतील अशा, गप्पा मारत बसायला उंचवटे, चेंडूच्या मैदानाला एकाहून जास्त वाटा. मुली परत दिसायला लागल्या. तुम्हाला मुलगी असेल तर घर बघतानाच हे तपासा: मैदानाला एकच दार आहे का, आणि त्या दारात कोण उभं असतं.

भीती कधी धरायची

अनोळखी आणि धोकादायक यांत नव्या माणसाची गल्लत होते. मोठ्यानं हसणारा पोरांचा घोळका अनोळखी आहे. ठराविक कोपऱ्यात दर दहा मिनिटांनी नवा माणूस येऊन दोन मिनिटांत निघून जातो, जमिनीवर सुया आहेत, आणि रोजचे लोक त्या बाजूला पाठ करून बसतात, तर तो कोपरा टाळायचा आहे. वस्तीतली माणसं कुठून वळसा घालतात ते बघा आणि तसाच वळसा घाला. कारण विचारायची गरज नाही.

अंधार पडल्यावर बागेतून जायचं असेल तर बाहेर पडायच्या दोन वाटा माहीत हव्यात. कानात हेडफोन नको. दिवे नसलेल्या टप्प्यात बाहेरचा रस्ता धरा, पाच मिनिटं जास्त लागली तरी.

पोलिसांना कधी बोलवायचं, यावर माझं मत ठाम आहे. कुणाला मारहाण होत असेल, कुणी बेशुद्ध असेल, हत्यार दिसलं, लहान मूल हरवलं, तर क्षणभरही थांबू नका. गाणी, उशिरापर्यंतच्या गप्पा, अंगणात चूल, बाकावर झोप यासाठी नको. तुमच्या दृष्टीनं तो एक फोन असतो. कागद अर्धवट असलेल्या किंवा रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला त्या फोनपायी दिवस, नोकरी किंवा देशही गमवावा लागू शकतो. आवाज असह्य झाला तर स्वतः खाली जा, आणि ओळखीचं कुणीतरी सोबत घ्या. ‘मूल आजारी आहे, जरा कमी कराल का’ हे वाक्य बहुतेक ठिकाणी चालतं. नाही चाललं तर सकाळी दुकानदाराला सांगा, निरोप पोचतो.

तक्रार करताना आणि बैठकीला जाताना

बागेतला प्रत्येक बिघाड एकाच कचेरीचा नसतो. झाडं उद्यान विभागाची, दिवे वेगळ्या विभागाचे, नळ पाणीपुरवठ्याचा, मैदान कधी कधी एखाद्या क्रीडासंस्थेला भाड्यानं दिलेलं, आणि फाटकासमोरचा रस्ता आणखी कुणाचा. आधी कोण कशाचं ते माळ्याकडून समजून घ्या. तक्रार लेखी करा, दिव्याच्या खांबावरचा क्रमांक लिहा, तारीख आणि वेळ लिहा, फोटो जोडा, तक्रार क्रमांक जपून ठेवा. आणि एकट्यानं करू नका. एकाच दिव्याबद्दल निरनिराळ्या घरांतून अर्ज गेले की कचेरीला तो दिवा दिसायला लागतो. लिहिता-वाचता येणाऱ्या नव्या शेजाऱ्याचा वस्तीला खरा उपयोग होतो तो इथं: इतरांचे अर्ज लिहून द्या, पण त्यांच्या नावानं, त्यांच्या सहीनं.

समितीच्या पहिल्या दोन-तीन बैठकांत ऐका. बोलायची हौस असली तरी दाबा. नव्यानं आलेल्या, बऱ्या पगाराच्या रहिवाशांच्या मागण्या जगभर सारख्याच असतात: बाकांना मधे दांडे लावा म्हणजे कुणी झोपणार नाही, चेंडूवर बंदी घाला, फेरीवाले हटवा, रात्री कुलूप लावा. प्रत्येक मागणी सभ्य दिसते आणि प्रत्येक मागणीत कुणाचा तरी तास जातो. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सुरुवातीच्या काळात चेंडू खेळायला शाळेतल्या मुलांना मुख्याध्यापकांची चिठ्ठी लागे, आणि धंद्याची गाडी जुंपून रविवारी कुटुंबासह फिरायला येणाऱ्या छोट्या व्यावसायिकांना आत येऊ देत नसत. नियम शिस्तीचेच होते. बाहेर कोण राहिलं ते वेगळं सांगायला नको. त्या बागेसाठी १८५७ मध्ये सेनेका व्हिलेज ही मुख्यतः कृष्णवर्णीयांची, स्वतःच्या मालकीची घरं असलेली वसाहतही हटवण्यात आली होती.

रात्रीच्या कुलपाचा प्रश्न तर नीट विचार करून हाताळावा. न्यूयॉर्कमधल्याच टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्कमध्ये, स्थलांतरित कामगारांच्या वस्तीतल्या बागेत, १९८८ च्या ऑगस्टमध्ये रात्री एकनंतर बंदी लागू करायला पोलीस उतरले. भोवतीचा भाग तेव्हा महाग होत चालला होता, आणि बागेत बेघर माणसं राहत होती. ६ ऑगस्टच्या रात्री सुरू झालेला संघर्ष दुसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंत चालला; बघ्यांनाही लाठ्या बसल्या. तुमच्या बागेत इतकं काही होणार नाही. पण कुलपाचा ठराव मांडण्याआधी रात्री अकरा ते पहाटे पाच त्या बागेतून कोण कामावर जातं, हे शोधून काढा. सफाई कामगार, बेकरीतले, दवाखान्यातले मदतनीस. त्यांची वाट बंद होणार असते.

अशा बागा मागणी करून मिळालेल्या असतात, हेही माहीत असलेलं बरं. लंडनच्या पूर्व भागात मृत्यूंचं प्रमाण भयानक होतं. आकडेतज्ज्ञ विल्यम फार यांनी १८३९ मध्ये तिथं बाग झाली तर मृत्यू कमी होतील असं मांडलं, आणि १८४० मध्ये हजारो रहिवाशांच्या सह्यांचा अर्ज राणीकडं गेला. १८४५ मध्ये व्हिक्टोरिया पार्क उघडलं. पुढं तिथं कामगार चळवळीच्या वक्त्यांच्या सभा भरू लागल्या. इंग्लंडमधल्याच डर्बी शहरातली बाग १८४० मध्ये एका गिरणीमालकानं दान दिली, पण ती आठवड्यातून दोनच दिवस फुकट होती. सगळे दिवस फुकट व्हायला १८८२ उजाडलं. बैठकीत एखादा म्हातारा ‘हा कोपरा आम्ही मिळवलाय’ म्हणाला तर ती नुसती आठवण समजू नका. विचारा, कसा मिळवलात. बहुधा त्याच्याकडं कागद असतात.

लहानसहान

कुत्र्याला पट्टा लावा. बऱ्याच कुटुंबांत कुत्र्याची सवय नसते, आणि ‘तो काही करत नाही’ हे वाक्य त्यांना धीर देत नाही. उरलेलं अन्न पक्ष्यांना टाकू नका, रात्री उंदीर येतात. दुसऱ्यांच्या सणाला गेलात तर संयोजकाला शोधून परवानगी घ्या आणि नंतर खुर्च्या उचलायला थांबा; खुर्च्या उचलताना झालेली ओळख जेवताना झालेल्या ओळखीपेक्षा टिकते. तुमचा स्वतःचा कार्यक्रम असेल तर त्या जागेचे रोजचे लोक कोण, त्यांना दोन दिवस आधी सांगा.

शांतता हीच तुमची पहिली गरज असेल, तर अशा वस्तीत घर घेऊ नका. त्यात कमीपणा नाही. नाहीतर तुम्ही वर्षभर खिडक्या बंद करून राहाल आणि तक्रारी करून इतरांनाही बंद खिडक्यांत ढकलाल.

करार संपायच्या आधी

मुदत संपायच्या तीन-चार महिने आधी इमारतीतल्या इतर भाडेकरूंना विचारा: त्यांना किती वाढ सांगितली, कुणाला घर रिकामं करायला सांगितलं का. आकडे आपसात सांगायची लाज घरमालकाच्या पथ्यावर पडते. सगळ्यांना सारखी नोटीस आली असेल तर एकत्र भेटायला जा, आणि त्याआधी शहरात भाडेवाढीला काही कायदेशीर मर्यादा आहे का, भाडेकरूंसाठी मोफत सल्ला कुठं मिळतो, हे शोधा. बागेतल्या बाकांवर यातलं बरंचसं आधीच माहीत असतं. कुणीतरी मागच्या वर्षी हेच करून आलेला असतो.

आणि तुम्ही स्वतःच सोडून जात असाल तर जाहिरात देण्याआधी बागेत सांगा. वस्तीत कुणाचा तरी भाऊ लग्न करून वेगळा राहणार असतो, कुणाची खोली गळत असते. घरमालकाला नव्या भाडेकरूचं नाव तुम्हीच सुचवा, आणि तुमचा जुना भाड्याचा आकडा त्या माणसाला आधी कानात सांगून ठेवा.